शोरूममधली नोकरी : पगार नेमका कोण देणार?

प्रश्न : मी बी.कॉम. झालो आहे. चिपळूणच्या एका इलेक्ट्रॉनिक्स शोरूममध्ये मुलाखतीला गेलो असता, 'टीव्ही विभागात प्रमोटर म्हणून घेतो, पगार एजन्सीकडून येईल, पत्र मागाहून मिळेल' असे व्यवस्थापकांनी सांगितले. गणपतीत रजा मिळणार नाही, अशीही अट आहे. ही नोकरी स्वीकारावी का? (एक वाचक, ता. चिपळूण)

उत्तर : नोकरी वाईट नाही, पण ती शोरूमची नाही, हे आधी लक्षात घ्या. शोरूममध्ये उभी असलेली सगळी मुले ग्राहकाला दुकानाचीच वाटतात. प्रत्यक्षात त्यांतली काही दुकानाच्या पटावर असतात, तर काही टीव्ही-फ्रिज बनवणाऱ्या कंपन्यांनी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत तिथे नेमलेली असतात. प्रमोटर तो हाच. त्याची हजेरी दुकानात लागते, टार्गेट कंपनीचा एरिया मॅनेजर देतो आणि पगार एजन्सी जमा करते. सगळे सुरळीत असेपर्यंत याचे काही वाटत नाही. पगार थकला की मात्र तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. मी स्वतः अशा नोकरीत पहिल्या पगारासाठी अडीच महिने थांबलो आहे, आणि माझ्याकडे पत्र नसल्यामुळे कोणाशी भांडावे हेच मला कळत नव्हते.

म्हणून पत्र हाती आल्याशिवाय रुजू होऊ नका. मालक म्हणून त्यात कोणाचे नाव आहे आणि मूळ पगार किती आहे, हे पाहा. मुलाखतीत सांगितलेल्या आकड्यात बरेचदा इन्सेंटिव्हही धरलेला असतो, आणि ऐन पावसाळ्यात बाजार थंड असतो तेव्हा तो हाती पडतोच असे नाही. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. त्यात मूळ पगार व महागाई भत्त्याच्या साधारणतः 12 टक्के तुमचे कापले जातात आणि तेवढेच मालकाने भरायचे असतात. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचाऱ्यांची सरकारी आरोग्य विमा योजना) लागू असेल, तर त्यासाठी तुमचे 0.75 टक्के जातात. पगारपत्रकावर कपात दिसली म्हणजे पैसे भरले गेलेच असे समजू नका. यूएएन, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीचा तुमचा कायमचा क्रमांक, मागून घ्या आणि निधीचे पासबुक स्वतः उघडून पाहा.

गणपतीच्या अटीबाबत मी व्यवस्थापकांना पूर्ण दोष देणार नाही. चाकरमानी गावी आले की घरच्यांसाठी मिक्सर, फ्रिज, टीव्ही घेतात. कोकणातल्या दुकानांचा तो हंगामच असतो. तरीही 'रजा नाही' हे उत्तर मुकाट्याने मान्य करू नका. प्रतिष्ठापनेचा दिवस आणि विसर्जनाची दुपार एवढेच नेमके मागा आणि तेही महिनाभर आधी. आमच्या दुकानात मुसलमान सहकारी गणपतीत आमच्या पाळ्या उचलत आणि ईदेला आम्ही त्यांच्या. साप्ताहिक सुट्टी मात्र कायद्यानेच मिळते, ती कोणाची मेहरबानी नव्हे.

कामाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. प्रमोटरला आपल्याच कंपनीचा माल खपवावा लागतो, आणि आपल्याकडे ग्राहक बहुधा कोणाच्या तरी ओळखीतला निघतो; चुकीचा माल गळ्यात मारलात, तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पुन्हा समोर उभा राहील. वेळणेश्वरच्या एका गृहस्थांनी एकदा एसीच्या बाहेरच्या युनिटचा फोटो आणला होता. खाऱ्या हवेने अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खाल्ल्या होत्या आणि बोट लावले की पांढरा भुगा पडत होता. समुद्राकाठच्या घराला गंजरोधक लेप असलेले युनिट लागते, एवढे एक वाक्य विकणाऱ्याने सांगितले नव्हते. वाढीव वॉरंटी खपवण्याचेही टार्गेट असते. ती विकण्यापूर्वी गंजाचे नुकसान वगळले आहे का, हे स्वतः वाचा आणि ग्राहकालाही दाखवा. 'शून्य टक्के व्याज' म्हणतानाही जरा थांबा, कारण अशी काही गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले आहे. व्याज कुठे तरी न दिलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात लपलेले असते.

मुलाखतीत बहुधा एखादी वस्तू विकून दाखवायला सांगतात. तेव्हा पाठ केलेली वैशिष्ट्ये घडाघडा म्हणू नका. आधी खोली केवढी, वर स्लॅब आहे की कौले, विजेचा दाब कमी-जास्त होतो का, हे विचारा. एसीचा एक टन म्हणजे ताशी 12,000 बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची क्षमता, वजन नव्हे, एवढे माहीत असले तरी तुम्ही निम्म्या उमेदवारांच्या पुढे असाल.

प्रश्न : मोबाइलच्या दुकानात रुजू होताना मूळ गुणपत्रिका आणि 5,000 रुपये अनामत मागत आहेत. द्यावी का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : दोन्ही देऊ नका. मूळ कागद दाखवायला न्या आणि परत आणा. त्यांच्याकडे ठेवायची ती स्वसाक्षांकित प्रत, तीही 'फक्त नोकरीसाठी' असे लिहून आणि तारीख घालून. नाही तर त्याच प्रतीचा कोणी तुमच्या नावाने गैरवापर करायचा.