शब्द आला, पण नांदतो कसा?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मंगोलियन कुळातल्या भाषांनी चिनीतून घेतलेल्या विशेषणांची तुझी यादी मिळाली. कष्ट दिसतात. पण यादीत वाक्य एकही नाही! उमेदवारीत मीही अशीच वही भरली होती. वर्षाने उघडली, तर कुठला शब्द कोण कसा वापरतं याचा पत्ताच लागेना.

चिनीत विशेषण क्रियापदासारखं वागतं. ‘हाओ’ म्हणजे चांगला. नकाराला क्रियापदाचाच ‘बू’ येतो, ‘बू हाओ’. मंगोलियनमध्ये विशेषण नामांच्या पंगतीत बसतं. ‘साइन बिश’ म्हणजे चांगला नाही, आणि ‘शिक्षक नाही’ म्हणतानाही हाच ‘बिश’. म्हणजे चिनी विशेषण इकडे आलं की पंगत बदलायची वेळ येते. बदलतं का, ते यादीत कसं कळणार?

शिवाय ‘यांझीन’ (झकास) तू चिनी विशेषण म्हणून टिपलंयस. मंगोलियाची राजधानी उलानबातर, तिथल्या खाल्खा या मंगोलियन बोलीत चिनीतून आलेले रोजचे शब्द बहुतेक नामं आहेत. चिनी ‘यांगझ’ म्हणजे रूप, तऱ्हा. त्याचं झालं ‘यांझ’. त्याला मंगोलियन षष्ठी लागली की ‘यांझीन’, आणि ‘ला’ लागून क्रियापद ‘यांझलाख’, म्हणजे ठीकठाक करणं. वजनाच्या ‘जिन’चंही तेच: ‘जिनतेइ’ वजनदार, ‘जिनलेख’ तोलणं. माल चिनी, शिलाई घरची.

चीनच्या गान्सू-चिंगहाय प्रांतांकडच्या दोंगश्यांग, मंगूर या मंगोलियन कुळातल्याच भाषांचा चिनीशी शेजार कितीतरी जुना आणि दाट. तिथे विशेषणंही सरळ घरात येतात. तुझं खरं काम तिकडे.

आपल्याकडे बघ ना. ‘ताजा’ आणि ‘खराब’ दोन्ही फारसीच्या वाटेने आले. ताजी भाजी, ताजं दूध म्हणतो. पण खराब रस्ता, खराब वाट. ‘ताजा’च्या शेवटी ‘आ’ होता, म्हणून तो काळा-गोराच्या रांगेत शिरला. ‘लाल’ बदलत नाही, तरी त्याला ‘भडक’ मिळालाच. मंगोलियनला लिंगाची भानगड नाही, पण जोर द्यायची तऱ्हा आहे: ‘खार’ काळा, ‘खाव खार’ काळाकुट्ट. उसन्या विशेषणाला कुणी असा जोर देतं का, कान देऊन ऐक.

पुढच्या खेपेला यादी नको. वीस वाक्यं पाठव, त्यातली दहा तरी नकाराची.

तुझा,
सर