पुण्यातील प्राणीकल्याण संस्थेने दत्तक मोहिमेसाठी व्यवसायांची मदत कशी घ्यावी?

औंध-बाणेरमधील कॅफेने किंवा हिंजवडीतील आयटी कंपनीने जागा दिली की शिबिराला गर्दी होते. परंतु प्राण्याला कायमचे घर मिळणे ही त्यापुढची गोष्ट आहे, म्हणून माझ्या मते जागेपेक्षा लसीकरण आणि नसबंदीचा खर्च आधी मागावा. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत प्राणीकल्याणाचा स्पष्ट उल्लेख असल्याने हा खर्च सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी ठेवलेल्या निधीतून, करता येतो. मात्र असा निधी घेण्यासाठी संस्थेची सीएसआर-१ (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील) नोंदणी आवश्यक असते. शिबिरातच प्राणी हाती देऊ नये. घरभेट आणि घरातील सर्वांची संमती झाल्यावरच तो सोपवावा, कुत्रा असल्यास महापालिकेचा परवाना काढण्यास मदत करावी, आणि देशी पिल्लांना आवर्जून पुढे ठेवावे, कारण पुण्याचे हवामान त्यांना उत्तम मानवते व तरीही विदेशी जातींच्या हौसेपायी तीच मागे राहतात.