घरी काटा नाही, रेसिपीत 250 ग्रॅम बेसन लिहिलंय. वाट्या किती घेऊ?

तुमची वाटी 150 मिलीची असेल तर हलक्या हाताने भरलेल्या साडेतीन ते चार वाट्या. पण हाच हिशोब साखरेला लावू नका. 250 ग्रॅम साखर त्याच वाटीने दोनच वाट्या होते. म्हणून जिन्नस कोणता ते कळल्याशिवाय ग्रॅमच्या वाट्या करता येत नाहीत.

आधी वाटीचं माप काढा. एक लिटरची पाण्याची सीलबंद बाटली वाटीने मोजत गंजात ओता. पाच वाट्या निघाल्या तर वाटी 200 मिलीची, पावणेसातच्या आसपास निघाल्या तर 150 ची. 150 मिलीच्या सपाट वाटीत तांदूळ किंवा तूरडाळ साधारण 120 ते 125 ग्रॅम मावते, रवा 105, फल्लीदाणे 90, कणीक 75.

घोळ होतो तो पिठातच. चक्कीवरून आणलेलं पीठ डब्यात ठेवलं की दबून बसतं. त्यात वाटी खुपसून भरली की 75 ग्रॅमच्या जागी 90 ग्रॅम कणीक येते, मग रेसिपीतलं पाणी कमी पडतं. आधी पीठ चमच्याने सैल करा, वाटीत भुरभुरत टाका आणि सुरीच्या पाठीने वरचं काढून टाका. वाटी आपटू नका. शीग लावून तर कधीच मोजू नका, ती दर हाताला वेगळी येते.

खात्रीचा आकडा हवा असेल तर पुढच्या वेळी किराणा दुकानातून बेसन बरोबर पाव किलो तोलून आणा, घरी सैल करून वाट्या मोजा आणि आकडा डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. प्रत्येक जिन्नसाचं असं एकदा केलं की तुमच्या वाटीचा तक्ता तयार. माझ्या मते तो नेटवरच्या कपांच्या तक्त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा, कारण तिथला कप बहुतेक वेळा 240 मिलीचा असतो.

तेलाचं वेगळं. घाणीवर फल्लीचं तेल किलोने देतात, रेसिपीत मिली असतात. एक किलो तेल म्हणजे जवळपास 1100 मिली. लिटरचं पाकीट 910 ग्रॅमच भरतं. पुरणाचा गूळ खड्यांनी मोजू नका, मध्ये पोकळी राहते. किसून किंवा बारीक चिरून घ्या.

सोडा, मीठ यांना औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं झाकण चांगलं. 5 मिली सोडा साधारण 5 ग्रॅम, बारीक मीठ 6, तिखट जेमतेम अडीच ते तीन. जाडं मीठ त्याच झाकणात कमी भरतं.

आणि पाटवडी करायची असेल तर ग्रॅमची गरजच नाही: एक वाटी बेसनाला त्याच वाटीने दीड ते दोन वाट्या पाणी.