सॅन होजेला कुत्रीसकट यायचंय, तर ईएसए लेटरचं काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला बदली होतेय, सोबत पाच वर्षांची गावठी कुत्री भुरी आहे, अँक्झायटीवर पुण्यात बरीच वर्षं उपचार चालू आहेत. इकडच्या अपार्टमेंटमध्ये तिला अडवू नये म्हणून पुण्याच्या डॉक्टरांकडून आत्ताच लेटर घ्यावं, की ऑनलाइन शंभरेक डॉलरला मिळतं ते सर्टिफिकेट चालेल?

दोन्हींनी काम होणार नाही. सर्टिफिकेट तर घेऊच नका. अमेरिकेत ईएसएची, म्हणजे इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमलची (मानसिक आजारात नुसत्या सोबतीनं आधार देणाऱ्या प्राण्याची), सरकारी नोंदणी कुठेच होत नाही. आयकार्ड, चमकता शिक्का, कुत्र्याचं जॅकेट हा सगळा नुसता बाजार आहे, आणि लीजिंग ऑफिसातल्या लोकांनी असले कागद ढिगानं पाहिलेले असतात. कॅलिफोर्नियात तर 2022 पासून असली जॅकेटं-सर्टिफिकेटं विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाला लेखी सांगावं लागतं, की यानं कुत्र्याला सर्व्हिस डॉगचे, म्हणजे अपंग माणसाच्या मदतीसाठी खास शिकवलेल्या कुत्र्याचे, हक्क मिळत नाहीत. तरी लोक घेतात. आपले लोक जरा जास्तच, कारण कागदावर शिक्का दिसला की आपल्याला बरं वाटतं.

खरा आधार आहे फेअर हाउसिंग अ‍ॅक्टचा. घर देताना भेदभाव होऊ नये म्हणून केलेला हा कायदा 1968 चा. 1988 च्या दुरुस्तीत त्यात अपंगत्वाचा समावेश झाला, आणि त्यात मानसिक आजारही येतात. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा कायदा आणखी सैल आहे: केंद्राच्या कायद्यात आजारानं रोजच्या जगण्यात ‘मोठा’ अडथळा यावा लागतो, इथे अडथळा येणं पुरतं. तुम्ही नागरिक आहात की एच-वन-बी व्हिसावर, याचा या हक्काशी संबंध नाही. असा प्राणी ‘पेट’मध्ये धरत नाहीत. म्हणून ‘नो पेट्स’ची पाटी, जातीची किंवा वजनाची अट, पेट रेंट, पेट डिपॉझिट यातलं काही त्याला लागू होत नाही. भुरीनं दार कुरतडलं तर त्याची भरपाई मात्र तुमच्याकडूनच वसूल होईल.

आता पुण्याच्या डॉक्टरांचं लेटर का चालत नाही ते सांगते, कारण तुमचं सगळं वेळापत्रक यावरच ठरणार आहे. 2022 पासून लागू झालेल्या त्याच कायद्यात कुत्र्यांच्या लेटरसाठी अटी आहेत. लेटर देणाऱ्याकडे इथलं चालू लायसन्स हवं, त्याचा नंबर आणि प्रकार लेटरवर हवा, त्यानं तुमची रीतसर तपासणी केलेली हवी, आणि लेटर देण्याआधी किमान 30 दिवस तुम्ही त्याच्याकडे उपचार घेत असायला हवं. म्हणजे तुम्ही उतरल्यापासून लेटर हातात पडेपर्यंत किमान सव्वा-दीड महिना धरा. (गंमत म्हणजे हा नियम फक्त कुत्र्यांना आहे. मांजर असती तर ही 30 दिवसांची अट आड आली नसती.)

मग पुण्यात काय करायचं? डॉक्टरांकडून उपचारांचा इंग्रजी सारांश घ्या: कधीपासून येता, कोणत्या गोळ्या, किती डोस. भुरीमुळे झोपेत किंवा पॅनिकमध्ये काही फरक पडलेला त्यांनी नोंदवला असेल, तर तेही त्यात येऊ द्या. ही फाइल घरमालकासाठी नाही, इथल्या थेरपिस्टसाठी आहे. पाचेक वर्षांचा इतिहास समोर असला की पहिल्या भेटीत त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. इथे आल्यावर कंपनीचा इन्शुरन्स सुरू झाला की लगेच इन-नेटवर्क, म्हणजे त्या इन्शुरन्सच्या यादीतला, थेरपिस्ट शोधा. व्हिडिओवरचा चालतो, फक्त लायसन्स कॅलिफोर्नियाचं हवं. नवीन पेशंट न घेणारे बरेच भेटतात, तेव्हा एकाच वेळी चार-पाच जणांना लिहा. पहिल्याच भेटीत लेटर मागू नका. उपचार पुढे चालवायला आलात हे खरं आहे, तेच सांगा, आणि भुरीचा विषय त्या ओघात येऊ द्या.

लेटर पानभराचंच असतं. तुम्ही त्यांच्याकडे उपचार घेता, तुम्हाला कायद्याच्या अर्थानं अपंगत्व आहे, आणि या प्राण्यामुळे त्याची लक्षणं कमी होतात, एवढं पुरे. आजाराचं नाव लिहायची गरज नाही, आणि घरमालक ते विचारूही शकत नाही. ऑफिसात कळेल ही तुमची धास्ती मी समजू शकते. आपल्याकडे गोळ्यांची पट्टीसुद्धा पर्समध्ये लपवून ठेवतात. लेटर घरमालकाकडे जातं, कंपनीचा त्यात काही संबंध नाही.

मागणी कायम ईमेलनं करा, तोंडी बोलणी धरू नका. लीजवर सही करण्याआधी मागा किंवा नंतर, हक्क तोच. मी अर्ज मंजूर झाल्यावर आणि सहीच्या आधी मागायला सांगेन. त्या टप्प्यावर नकार आलाच, तर ‘तुमचं उत्पन्न कमी पडलं’ असलं कारण पुढे करणं त्यांना जड जातं. ते स्वतःचा फॉर्म देतील. तो भरा, पण त्यात आजाराचा तपशील किंवा मेडिकल रेकॉर्ड मागितलं असेल तर तो रकाना कोरा ठेवून लेटर जोडा. तरीही अडवलं तर राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे वर्षभराच्या आत तक्रार करता येते, वकील लागत नाही.

एक सावधगिरी. नवीन आलेले आपले लोक पैसे वाचवायला एखाद्या देशी कुटुंबाच्या घरात एक खोली घेतात. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल आणि भाडेकरू एकच असेल, तर कॅलिफोर्नियाचा घरांबद्दलचा कायदा तिथे लागत नाही. काकू ‘कुत्रं नको’ म्हणाल्या की विषय संपला. लेटर येईपर्यंतचे दिवस पेट-फ्रेंडली अपार्टमेंटमध्ये काढा आणि तेवढ्यापुरतं पेट रेंट भरा. आणि खरं सांगायचं, तर भुरीशिवाय तुमचं ठीक चालत असेल, तर पुढेही तेच भरत राहा. नुसतं भाडं वाचवायला घेतलेल्या लेटरांमुळेच ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडे संशयानं बघतात.

आता न विचारलेलं, पण याहून घाईचं. विमानात ईएसएला काही सवलत नाही. जानेवारी 2021 पासून एअरलाइन्सवर तसं बंधन उरलेलं नाही. आणि रेबीजच्या बाबतीत भारत अमेरिकेच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे. ऑगस्ट 2024 च्या नियमांनुसार भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप लागते, आणि ती लशीच्या आधी किंवा त्याच दिवशी बसवलेली हवी. भुरीला चिप नसेल तर आधी चिप, मग पुन्हा लस, त्यानंतर किमान 30 दिवसांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी रक्त, आणि रक्त दिल्यावर किमान 28 दिवसांनीच अमेरिकेत प्रवेश. रक्ताचा हा रिपोर्ट नसेल तर इथे 28 दिवस क्वारंटाइन, तेही तुमच्या खर्चानं. शिवाय लस आणि चिपच्या फॉर्मवर सरकारी पशुवैद्यकाचा शिक्का लागतो, आणि उतरावं लागतं ते सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था)-नोंदणीकृत प्राणी-केंद्र असलेल्या मोजक्या विमानतळांपैकी एकावर, तिथे आधी बुकिंग करून. कॅलिफोर्नियात ते लॉस एंजेलिसला आहे, तेव्हा तिकीट थेट सॅन फ्रान्सिस्कोचं काढू नका. निघण्याआधी यादी एकदा पाहून घ्या. निघायची तारीख ठरली की तिथून मागे मोजा, आणि चिप आहे की नाही हे आजच व्हेटला विचारा.