घाटात काटा चढतो आणि खाली हिरवा डाग

प्रश्न : माझी 1999 ची मारुती झेन आहे. वाईहून पाचगणीला शाळेत रोज तिनंच जाते. महिनाभर झाला, पसरणी घाटात शेवटच्या वळणांवर तापमानाचा काटा वर सरकतो. सकाळी गाडी हलवली की ड्रायव्हरच्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ, हिरवट डाग दिसतो. चार दिवसांतून एकदा अर्धा लिटर पाणी घालावं लागतं. एक मेकॅनिक म्हणतो, वॉटर बॉडी (इंजिनात पाणी फिरवणारा पंप) गेली, पंप बदला, टायमिंग बेल्ट जुनाच चालेल. दुसरा म्हणतो, बेल्टही बदला. शेजारचे काका म्हणतात, रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाका. कुणाचं ऐकू?
– एक शिक्षिका, वाई

उत्तर : बाई, आधी काकांचं बघू. हळदीनं गळती थांबते हे खोटं नाही. रेडिएटरच्या नळीला केसाएवढी चीर असेल तर हळद तिथं जाऊन बसते आणि गाडी कशीबशी घरी येते. रात्री-अपरात्री मीही टाकलीय. पण तुमचं गळतंय ते बहुधा पंपाच्या फिरणाऱ्या दांड्यापाशी, तिथं हळद ठरणार नाही. ती जाऊन बसेल हीटरच्या बारीक नळ्यांत, आणि मग ते वेगळं दुखणं.

पंपाच्या आत एक दांडा असतो. त्याच्या एका टोकाला पाणी ढकलणारं पातं, दुसऱ्या टोकाला पुली. मधे बेअरिंग, आणि पाणी बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून सील. सील झिजलं की पाणी बेअरिंगकडे निघतं. ते तिथं न पोचता बाहेर पडावं म्हणून पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून थेंब आला म्हणजे पंप सांगतोय की माझं सील संपलं. एकानं हे भोक कारखान्याची चूक समजून एम-सीलनं बुजवून गाडी आणली होती माझ्याकडे. थेंब थांबला होता, आणि बेअरिंग जात्यासारखं घरघरत होतं.

गाडी गार असताना टॉर्च घेऊन बघायला सांगा. भोकाखाली हिरवट-पांढरी खपली धरलेली असेल, आपल्याकडे नळाच्या तोटीला धरते तशी. पंप फिरवणारा बाहेरचा बेल्ट ढिला करून पुली हातानं हलवायची. खडखडली तर बेअरिंगही गेलं. होज पाइपाच्या क्लिपा मात्र आधी तपासा. तिथून गळलेलं पाणी इंजिनावरून ओघळत पंपापाशीच ठिबकतं, आणि वीस रुपयांच्या क्लिपेपायी पंप बदलला जातो.

आता बेल्टचं. माझं मत दुसऱ्या मेकॅनिकच्या बाजूनं. झेनचा पंप फिरतो तो बाहेरच्या बेल्टवर. त्याच बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर असतो आणि गॅरेजात त्याला अजून फॅन बेल्ट म्हणतात, पंखा विजेचा असला तरी. म्हणून वाटतं की क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणाऱ्या टायमिंग बेल्टचा इथं काय संबंध? पण पंपाची बॉडी बसलीय टायमिंग कव्हरच्या मागे. टायमिंग बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर उतरवल्याशिवाय पंप निघतच नाही. म्हणजे निम्मी मजुरी नुसत्या उघडण्याची. उघडलंच आहे तर बेल्ट, टेन्शनर आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील एकदमच बदला.

हे मी ठेच खाऊन शिकलो. एका डॉक्टरांची मारुती एस्टीम होती. पंपाची मांडणी तीच. खर्च कमी करा म्हणाले, म्हणून मी जुना बेल्ट पुसून परत चढवला. कूलंटमध्ये (रेडिएटरच्या रंगीत पाण्यात) भिजला होता, पण दिसायला ठीक होता. पाच महिन्यांनी कागलजवळ हायवेवर बेल्टचे दात निघाले. गाडी दोरीनं ओढून आणली. दुसऱ्यांदाची मजुरी मी घेतली नाही, पण डॉक्टरांनी त्यानंतर गाडी माझ्याकडे आणली नाही.

काम सुरू असताना तुम्ही तिथं उभ्या राहिलात तर दोन गोष्टी बघा. पहिली, जुनं गॅस्केट, म्हणजे पंप आणि इंजिनमधलं पॅकिंग, खरवडताना. इंजिन ॲल्युमिनियमचं आहे. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलं की ओरखडा पडतो आणि नवा पंप तिथूनच गळतो. जुनं ब्लेड आडवं धरून, थोडा वेळ लावून काढायचं. वर सिलिकॉनचा थर लिंपू द्यायचा नाही. कडेनं आत आलेलं सिलिकॉन तुटून पाण्याबरोबर फिरतं. दुसरी, टायमिंगच्या खुणा. कॅमच्या चक्रावरची आणि क्रँकच्या चक्रावरची खूण आपापल्या जागी आली, बेल्ट चढला, की इंजिन पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत बघायच्या. स्टार्टर त्यानंतर. एक दात इकडेतिकडे झाला तर गाडी सुरू होईलही, पण घाटात दम धरणार नाही. बाहेरचा बेल्टही फार ताणू देऊ नका. अंगठ्यानं जोर देऊन दाबला तर सहा ते नऊ मिलिमीटर खाली जायला हवा. तारेसारखा ताणलेला बेल्ट नव्या पंपाचं बेअरिंग खातो.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला : 'पाणी'. डाग हिरवट आहे म्हणजे कूलंट अजून थोडं शिल्लक आहे, पण तुम्ही महिनाभर नळाचं किंवा बोअरचं पाणी घालून ते पातळ केलंय. कूलंट गाडी गार ठेवतं त्याहून जास्त ते आतला गंज आणि क्षार रोखतं. क्षाराचे कण सीलच्या दोन गुळगुळीत तोंडांमधे गेले की सील कानशीनं घासल्यासारखं जातं. नवीन भरताना निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी, बॅटरीत घालतात ते. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचं झाकण काढून, इंजिन चालू ठेवायचं. थोड्या वेळानं वरचा पाइप एकदम गरम होईल, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल. तेवढं भरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार असताना, परत बघायचं.

काढलेलं कूलंट उघड्या बादलीत ठेवू देऊ नका. चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

तोवर घाट चढू नका, पाचगणीची एसटी आहे. चढलातच आणि काटा वर गेला, तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी कडेला. झाकणाला तासभर हात लावायचा नाही. आणि हो, ऑइल भरायचं झाकण उघडून आत बघा. दुधाच्या चहासारखा फेस असेल तर ऑइलमधे पाणी शिरलंय, हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग) गेलंय. मग पंपाचं काम थांबवून आधी मला कळवा.


प्रश्न : ॲम्बेसिडर, 1489 सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन. पंपातून घरघर येते, गळत नाही. अजून किती दिवस चालेल?
– बार्शी

उत्तर : दिवस मोजू नका. तुमच्या गाडीत पंखा पंपाच्याच दांड्यावर आहे. बेअरिंग सुटलं की पंखा डगमगत पुढं येतो आणि रेडिएटर फाडतो. काम मात्र बाईंच्या झेनपेक्षा सोपं : टायमिंगला चेन आहे, तिला हात लागत नाही. रेडिएटर काढा म्हणजे जागा मिळेल, पंखा-पुली उतरवा, चार बोल्ट. बेल्ट लांबच्या बाजूला अर्धा इंच दबेल एवढाच ताणा. पंप येईपर्यंत गाडी दारात उभी.