जाम झालेल्या सांध्यावर रेल गॅप अ‍ॅडजस्टर लावून फट उघडली, की काम झाले असे म्हणता येते का?

तुम्ही विचारले आहे की, दोन रुळांमधील फट कमी-जास्त करणारे, माणसांना उचलून नेता येईल असे हायड्रॉलिक यंत्र नेमके कसे चालते, ज्या सांध्यात फट उरलेलीच नाही त्या सांध्यावर ते थेट लावणे पुरेसे आहे का, आणि आता बहुतेक ठिकाणी रूळ वेल्ड केलेले असताना त्याची गरज काय. रुळांच्या देखभालीचे काम करणारा म्हणून मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही, ते पुरेसे नाही, आणि बहुतेक वेळा सुरुवात करण्यासाठी ती जागाही चुकीची असते. याचे कारण यंत्रात नसून फटीच्या हिशेबात आहे.

फट मुळात ठेवावी लागते ती उष्णतेमुळे. एक अंश सेल्सिअस तापमानवाढीला पोलाद आपल्या लांबीच्या दर मीटरमागे साधारण 0.0115 मिलिमीटर वाढते. हा आकडा नगण्य वाटतो. पण 13 मीटरचा रूळ 40 अंशांच्या फरकाला सुमारे 6 मिलिमीटर लांब होतो, आणि त्याला तेवढी जागा मिळाली नाही, तर त्याच्या अंगात दाब साठत जातो. सांध्यावर दोन रूळ जोडणाऱ्या पोलादी पट्टीच्या, म्हणजे फिशप्लेटच्या, बोल्टांची भोके बोल्टांपेक्षा मोठी ठेवलेली असतात ती रुळाला एवढे मागे-पुढे सरकता यावे म्हणूनच. मात्र भोकांच्या या ढिलाईलाही मर्यादा असते. नेहमीच्या सांध्यात फट फार तर वीसेक मिलिमीटरपर्यंत उघडते. त्यानंतर बोल्ट भोकाच्या कडेला टेकतात आणि पुढचा सगळा ताण त्यांच्यावर येतो.

टाकताना सारख्या ठेवलेल्या फटी सारख्या राहत नाहीत, कारण रूळ रांगतो, म्हणजेच क्रीप होतो. गाड्या जेथे ब्रेक लावतात, जेथे चढ-उतार आहे, जेथे वाहतूक मुख्यतः एकाच दिशेने जाते, तेथे चाकांखाली रूळ थोडा थोडा करून पुढे सरकत राहतो. काही सांधे बंद होतात, तर काही रुंदावतात. बंद झालेल्या सांध्यांच्या टापूत उन्हाळ्यात रूळ बाजूला फेकला जाण्याचा धोका असतो. रुंदावलेल्या सांध्यावर प्रत्येक चाक आपटते. रुळाची टोके चेपून झुकतात, बोल्ट वाकतात आणि सांध्याखालच्या खडीचा भुगा होतो. पूर्वी हे दुरुस्त करण्यासाठी पहारींनी रूळ रेटत किंवा रुळाचा तुकडा हातांनी झुलवून टोकावर ठोके देत. त्यात माणसांचे श्रम अतोनात जात आणि रुळाच्या टोकाला इजा होई ती वेगळीच. हायड्रॉलिक यंत्राने बदल घडवला तो येथे: ठोक्याच्या जागी संथ आणि मोजता येणारा जोर आला.

यंत्राची रचना एकदा पाहिली की समजण्यासारखी आहे. त्याचे दोन अर्धे भाग असतात. एक सांध्याच्या अलीकडच्या रुळाला आणि दुसरा पलीकडच्या रुळाला पकडतो. पकड बहुधा रुळाच्या माथ्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या पाचरींची असते. काही प्रकारांत ती वेबवर, म्हणजे माथा आणि रुळाचा तळ यांच्या मधल्या उभ्या भागावर असते. पाचरींचा उतार असा दिलेला असतो की जोर वाढेल तशी पकड आणखी आवळत जाते. या दोन भागांना रुळाच्या डाव्या-उजव्या अंगाने दोन हायड्रॉलिक सिलिंडर जोडतात. जोर दोन्ही बाजूंनी सारखा लागला नाही तर रूळ तिरपा रेटला जाईल, म्हणून एकाऐवजी दोन सिलिंडर. हाताच्या पंपाचा दांडा खाली-वर केला की लहान दट्ट्या तेल ढकलतो, सिलिंडरमधील मोठा दट्ट्या बाहेर येतो आणि रूळ एकमेकांपासून दूर जातात. उलट दिशेने वापरण्याची सोय असलेल्या यंत्रांत ते जवळही आणता येतात. झडप उघडली की दाब उतरतो. यंत्र सुटे करून काही माणसांना उचलता येते किंवा लहान चाकांवर रुळावरूनच ढकलत नेता येते. त्याचा हा हलकेपणा केवळ सोयीचा नाही. यंत्र बसलेले असताना त्या सांध्यावरून चाक जाऊ शकत नाही, त्यामुळे मिळालेला ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ, संपण्याच्या आत ते काढून बाजूला घेता आलेच पाहिजे.

आता फटीचा हिशेब. यंत्र फट निर्माण करत नाही आणि नाहीशीही करत नाही. एका सांध्यातली फट ते शेजारच्या सांध्याकडे ढकलते. एका टापूतल्या सगळ्या फटींची बेरीज, तापमान तेच असेपर्यंत, तीच राहते. समजा, ओळीने पाच सांधे आहेत, दोन्ही टोकांचे रूळ पक्के आहेत आणि डावीकडून मोजलेल्या फटी 0, 0, 1, 13 आणि 16 मिलिमीटर आहेत. बेरीज 30, म्हणजे प्रत्येक सांध्याला 6 मिलिमीटर मिळू शकतात. पहिला सांधा पूर्ण बंद आहे म्हणून यंत्र तेथे लावले, तर काय होईल? पहिल्या सांध्यापुढचा रूळ सरकण्यासाठी त्याच्या पुढे जागाच नाही, कारण दुसरा सांधाही बंद आहे. तो रूळ दुसऱ्याला रेटतो, एक मिलिमीटरनंतर दुसरा तिसऱ्याला रेटतो, आणि आपण तीन रूळ त्यांच्या सगळ्या चिकटलेल्या बंधनांसह एकदम ढकलू पाहतो. दांडा जड होतो, पकड घसरू लागते, आणि यंत्र कमी ताकदीचे आहे असा निष्कर्ष निघतो.

म्हणून सुरुवात मोकळ्या बाजूने करायची. चौथ्या आणि पाचव्या सांध्यांमधला रूळ आधी 10 मिलिमीटर उजवीकडे न्यायचा. पाचवा सांधा 6 वर येतो, पण चौथा 23 होतो, आणि एवढी फट बोल्ट देत नाहीत. त्यामुळे चौथ्या सांध्याच्या एका बाजूचे बोल्ट आधीच काढून ठेवावे लागतात. मग त्याच्या डावीकडचा रूळ 17 मिलिमीटर न्यायचा: चौथा सांधा 6 वर येतो, तिसरा 18 होतो. त्यानंतर त्याच्या अलीकडचा 12, आणि शेवटी पहिल्या सांध्यापुढचा रूळ 6 मिलिमीटर. बंद पडलेला पहिला सांधा अशा रीतीने सगळ्यांत शेवटी, आणि जवळजवळ विनासायास उघडतो. हा तक्ता कागदावर आधी मांडल्याशिवाय यंत्राला हात लावू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. कोणता रूळ, कोणत्या दिशेने, किती मिलिमीटर, हे खडूने रुळाच्या वेबवर लिहून ठेवले म्हणजे ब्लॉकच्या घाईत वाद होत नाहीत.

त्यातही 6 मिलिमीटर हा आकडा त्या वेळच्या तापमानाला योग्य आहे की नाही, हे वेगळे तपासावे लागते. त्यासाठी रुळाचेच तापमान घ्यायचे, हवेचे नाही. स्वच्छ उन्हात रूळ हवेपेक्षा 15 ते 20 अंशांनी अधिक तापलेला असू शकतो. थर्मामीटर रुळाच्या सावलीतल्या बाजूला चिकटवून, पारा किंवा काटा स्थिर होईपर्यंत थांबायचे. सकाळी फटी मोजल्या आणि दुपारी काम केले, तर तो तक्ता बदलतो. दहा अंशांच्या फरकाला 13 मीटरच्या प्रत्येक रुळामागे दीड मिलिमीटर जातो. मोजणीसाठी पाचरीच्या आकाराचा गेज वापरावा, आणि मोजण्याआधी रुळाच्या टोकाला पुढे आलेले पोलादाचे ओठ घासून काढावेत. नाहीतर वर फट बंद आणि खाली उघडी असा फसवा सांधा शून्य म्हणून नोंदवला जातो. हिशेबाअंती त्या तापमानाला प्रत्येकी 3 हव्यात आणि बेरजेतून सरासरी 6 निघते असे दिसले, तर टापूत पोलाद कमी आहे. अशा वेळी कितीही पंप मारला तरी उपयोग नाही. थोडा लांब रूळ बदलून टाकावा लागतो. उलट परिस्थितीत आखूड रूळ टाकावा लागतो.

जोर किती लागतो, याबद्दलही गैरसमज आहे. मीटरला 60 किलो वजनाचा 13 मीटरचा रूळ 780 किलोचा असतो. एवढे वजन स्लीपरवरून घसरवायला फारसा जोर लागत नाही. यंत्राची टनावारी खर्च होते ती गंजलेल्या फिशप्लेटवर, रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या आवळलेल्या क्लिपांवर आणि रुळाला रांगू न देणाऱ्या अँकरांवर. त्यामुळे ज्या रुळाला हलवायचे त्याचे बोल्ट सैल करणे, फिशप्लेट काढून आतून साफ करून ग्रीस लावणे, क्लिपा ढिल्या करणे आणि अँकर सोडवणे, हेच खरे काम आहे. हे टाळून नुसत्या जोराने रूळ ओढला तर तो स्लीपरांना सोबत घेऊन जातो; स्लीपर तिरपे होतात, गेज, म्हणजे समोरासमोरच्या दोन रुळांमधले अंतर, बिघडतो आणि खडीचा बसलेला थर मोकळा होतो.

दांड्यावर हात असलेल्या माणसाला यंत्र बरेच काही सांगत असते. दांडा हळूहळू जड होत जाणे आणि रूळ संथपणे सरकणे, हे ठीक. दांडा एकदम जड झाला आणि रूळ जागचा हलत नसेल, तर थांबून त्या रुळावर शेवटपर्यंत चालत जावे. बहुतेक वेळा एखादा न सोडलेला अँकर किंवा राहिलेला बोल्ट सापडतो. दांडा एकदम हलका झाला तर एकतर अडकलेला रूळ झटक्याने सुटला आहे किंवा पाचर घसरली आहे, आणि दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. म्हणूनच दाब असताना यंत्राच्या रेषेत कोणीही उभे राहू नये आणि फटीत बोट घालून अंदाज घेण्याची सवय तर कोणालाही लागू देऊ नये. पकड बसते त्या जागेवरचे ग्रीस, रंग आणि गंजाची पापुद्री तारेच्या ब्रशने काढली, पाचरींचे दाते झिजलेले नाहीत हे पाहिले आणि पाचर रुळाच्या मापाची आहे याची खात्री केली, तर घसरण्याचे प्रसंग पुष्कळच कमी होतात. 52 किलोच्या रुळाचा माथा 67 मिलिमीटर, तर 60 किलोच्या रुळाचा साधारण 72 मिलिमीटर रुंद असतो. एकाची पाचर दुसऱ्यावर चालवून घेणे योग्य नाही. दांडा स्प्रिंगसारखा मऊ लागत असेल, तर तेलात हवा शिरली आहे. ती काढल्याशिवाय काम पुढे नेऊ नये.

सिग्नलच्या दृष्टीने एक बाब सहसा नजरेतून सुटते. इन्सुलेटेड सांध्यावर, म्हणजे दोन रूळ विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणाऱ्या सांध्यावर, हे यंत्र ठेवले, की त्याच्या पोलादी अंगातून दोन्ही रूळ विजेने जोडले जातात आणि ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळावर गाडी आहे की नाही हे सिग्नलला कळवणारे विजेचे मंडल, बिघडते. विजेच्या गाड्यांच्या मार्गावर इंजिनाचा परतीचा प्रवाह रुळांतून वाहतो, त्यामुळे सांधा खोलण्यापूर्वी सांध्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या रुळांना जोडणारी तात्पुरती केबल लावावीच लागते. दोन्ही ठिकाणी संबंधित विभागाचा माणूस हजर असल्याशिवाय बोल्टला पाना लावू नये.

राहिला वेल्ड केलेल्या रुळांचा प्रश्न. लांब वेल्डेड रुळांत मधला भाग सरकतच नाही. हालचाल होते ती दोन्ही टोकांकडच्या साधारण शंभर-शंभर मीटरमध्ये. तेथे फटी वाटून देण्याचा प्रश्न येत नाही, प्रश्न असतो तो अंगातल्या ताणाचा. 60 किलोच्या रुळात तणावमुक्त तापमानापासून दर अंशामागे पावणेदोन टनांहून अधिक बल साठते, म्हणजे 20 अंशांना 35 टनांच्या वर. थंडीत असा रूळ तुटला की टोके मागे खेचली जातात, आणि वेल्डिंगला हवी तेवढी फट मिळवण्यासाठी ती पुन्हा जवळ ओढून, वेल्ड पुरेसे थंड होईपर्यंत धरून ठेवावी लागतात. या कामाला रेल टेन्सर हे त्याच कुळातले, पण ओढण्यासाठी बांधलेले अधिक ताकदीचे यंत्र लागते. फट सारखी करणारे हलके यंत्र तेथे वापरू नये. त्याची जागा आहे ती यार्डात, साइडिंगवर, खाणींच्या आणि कारखान्यांच्या मार्गांवर, तीव्र वळणांवर आणि गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते त्या पॉइंटजवळ, जेथे फिशप्लेटचे सांधे अजूनही आहेत.

रूळ जागेवर आले, की काम अर्धेच झालेले असते. समोरच्या ओळीतला सांधा काटकोनात राहिला आहे का ते गुण्याने तपासावे, बोल्ट आवळावेत, पण रुळाला फिशप्लेटमध्ये सरकता येणार नाही इतके करकचून नाही, क्लिपा बसवाव्यात आणि सांध्याखालचे स्लीपर पुन्हा पॅक करावेत. अँकर मात्र सगळ्यांत जास्त लक्ष देऊन बसवावेत, प्रत्येक अँकर स्लीपरला घट्ट टेकलेला असावा. स्लीपर आणि अँकर यांच्यात बोट शिरेल एवढी जागा राहिली, तर रूळ पुन्हा रांगायला लागतो, आणि थोड्याच काळात त्याच पाच सांध्यांवर यंत्र परत आणावे लागते.