जुना रस्ता : आधी पाहणं, मग घेणं

प्रश्न : ऐतिहासिक रस्त्यावर फिरायला गेलो की पहिल्या अर्ध्या तासातच पिशव्या भरतात आणि पाहणं राहून जातं. काय करावं?

जाताना काही घ्यायचंच नाही. रस्ता टोकापर्यंत रिकाम्या हाताने चाला, आवडलेल्या वस्तूचं दुकान आणि भाव टिपून ठेवा आणि खरेदी परतताना करा. एकच वस्तू चार दुकानांत दिसली, तर तो घाऊक माल आहे हे आपोआप कळतं. जड आणि फुटणाऱ्या वस्तू अगदी शेवटी.

इमारती मात्र समोरच्या पदपथावरून पाहा. तळमजल्याची दुकानं पुन्हा पुन्हा बदललेली असतात. जुनं लाकूडकाम, कोरीव टेकू, बांधकामाचं साल हे सगळं बहुधा वरच्या मजल्यांवर टिकलेलं असतं. खाली उभं राहून पाहिलं तर पाटीच दिसते. दुकानं उघडण्याआधी तासभर पोचलात तर फारच उत्तम. दक्षिणोत्तर रस्त्यावर सकाळी पूर्वेच्या बाजूने चाला, तिथे सावली मिळते.

बूट रबरी तळव्याचेच हवेत. वर्षानुवर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेला दगड ओला झाला की चामडी तळवा सरकतोच.

प्रश्न : ‘जुना पितळी दिवा’ म्हणून विकतात. खरं कसं ओळखायचं?

खिशात छोटं चुंबक ठेवा. ते चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. पण चिकटलं नाही म्हणून पितळच, असं समजू नका. जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. म्हणून दिवा उलटा करा आणि बुडाच्या कडेला, जिथे मुलामा आधी झिजतो तिथे पाहा. पिवळ्याखाली करडा धातू डोकावत असेल तर ठेवून द्या. बूड पत्र्याने किंवा कापडाने बंद केलेलं असेल तर वजनावर विसंबू नका, आत भर घातलेली असू शकते.

आता जुनेपणा. हात लागतो तिथे, म्हणजे दांड्यावर आणि उंचवट्यांवर, खरी झीज असते. तिथले काठ बोथट आणि उजळ होतात, काळेपणा खाचांत उरतो. सगळीकडे सारखाच काळा आणि ओल्या फडक्याला उतरणारा रंग हा मुद्दाम चढवलेला. पुसून पाहण्याआधी दुकानदाराला विचारा, एवढी रीत पाळायलाच हवी.

प्रश्न : कापडावरची छपाई हाताच्या ठशाची की यंत्राची?

दोन ठसे जुळतात तो सांधा शोधा. हाताच्या कामात तिथे कधी केसभर फट राहते, कधी रंग दाट बसतो आणि प्रत्येक सांधा वेगळा असतो. नुसती चूक दिसली म्हणून खूश होऊ नका, नक्कल करणारे चूकही छापतात. कापड चांगलं लांबवर उलगडा. सांध्यातली तीच फट, तोच दाटपणा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर छपाई यंत्राची.